यशवंतपूरची वही आणि दूरचे कोठार

बंगळूर शहराच्या वायव्य अंगाला, तुमकूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर यशवंतपूर वसले आहे. महाराष्ट्रातील प्रवाशाला हे नाव आगगाडीच्या पाटीवरून ठाऊक असते. विद्येच्या उपासकाला ते शेजारच्या भारतीय विज्ञान संस्थेमुळे परिचित असते. परंतु नाशिक, अहिल्यानगर आणि सोलापूर या जिल्ह्यांतील कांदा पिकविणाऱ्या शेतकऱ्याला यशवंतपूर म्हणजे तेथील बाजार समितीचे आवार. रात्रभर मालमोटारी येत राहतात. महाराष्ट्राचा लाल कांदा, चित्रदुर्ग-गदगकडचा कांदा आणि कोलार-चिक्कबळ्ळापूरचा लहानखुरा गुलाबी कांदा, असे सारे एकाच आवारात उतरते. कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी आणि मराठी या भाषा तेथे एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या असतात, आणि सौदा अडू नये म्हणून दोन-तीन भाषा जाणणारा कोणीतरी दुभाष्या प्रत्येक गाळ्यावर असतोच.

अशा एखाद्या आडतीच्या पेढीची कल्पना करावी. गादीवर आता रोजकीर्द आणि खतावणी एवढ्याच वह्या नाहीत; कोपऱ्यात एक संगणक आहे आणि त्यावर मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘ॲक्सेस’ नावाच्या साधनात पेढीच्या दिवाणजींनी आपली वही मांडली आहे. कोणत्या गावचा कोणता शेतकरी, किती गोण्या, वजन किती भरले, दर काय मिळाला, हमाली आणि तोलाई किती, पट्टी किती रुपयांची झाली. हे सारे त्या वहीत आहे. दिवाणजींना ती वही तोंडपाठ आहे, कारण ती त्यांनी स्वतःच घडविली आहे.

एके दिवशी सोलापूरकडचा एक शेतकरी दूरध्वनीवर साधा प्रश्न विचारतो: “माल आता पाठवू, की आठ दिवस थांबू? आणि तुमच्याकडे पाठवू, की सोलापुरातच घालू?” प्रश्न साधा, पण त्याच्या पाठीशी घरचे वर्षभराचे उत्पन्न उभे असते. कांद्याचा भाव किती उसळी घेतो हे बंगळूरकरांनी डिसेंबर २०१९ मध्ये अनुभवले. अवेळी पावसाने महाराष्ट्र व कर्नाटकातील पीक नासले आणि किरकोळ बाजारात कांदा किलोमागे २०० रुपयांवर गेला. तोच भाव पुढे कोसळलाही. तेव्हा ‘आठ दिवस थांबा’ या दोन-तीन शब्दांना फार मोठी किंमत असते.

दिवाणजींच्या वहीत या प्रश्नाचे उत्तर नाही. तिच्यात पेढीचे स्वतःचे व्यवहार आहेत. देशातील इतर बाजारांचे नाहीत. ते उत्तर दुसऱ्याच ठिकाणी साठलेले आहे. त्या ठिकाणाला आजच्या भाषेत क्लाउडमधील डेटा वेअरहाऊस म्हणतात, म्हणजे दूर ठेवलेले माहितीचे कोठार. जवळची वही आणि दूरचे कोठार यांची गाठ कशी घालायची, आणि ती घालताना कोठे पाय घसरतो, हाच या भाषणाचा विषय आहे.

प्रथम वहीचा विचार करावा. माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवावी, प्रत्येक ओळ ही एक नोंद असावी, ओळीची ओळख पटविणारी एक किल्ली असावी आणि निरनिराळे तक्ते या किल्ल्यांच्या आधारे एकमेकांशी जोडता यावेत, ही कल्पना एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली आयबीएम कंपनीत काम करीत असताना मांडली. तिच्या आधारे प्रश्न विचारण्याची भाषा डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली पुढे आणली. तीच आज एसक्यूएल या नावाने ओळखली जाते. मोठ्या संस्थांच्या यंत्रांपुरते असलेले हे शास्त्र सामान्य कचेरीच्या मेजावर आणणाऱ्या साधनांमध्ये ॲक्सेसचे स्थान महत्त्वाचे आहे. ते १९९२ च्या नोव्हेंबरात बाजारात आले. संगणकशास्त्राची पदवी नसलेल्या माणसालाही तक्ते, अर्ज, अहवाल आणि छापील पट्ट्या तयार करता याव्यात, हा त्याचा मोठा गुण होय.

पण या वहीला पानांची मर्यादा आहे. ॲक्सेसची एक फाइल २ गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही. ही मर्यादा किती लवकर गाठली जाते ते थोड्या हिशेबाने दिसेल. समजा, देशातील २,००० बाजार, प्रत्येकी २० जिनसा आणि वर्षाचे ३०० बाजारदिवस धरले. तर वर्षाला १ कोटी २० लाख ओळी होतात, दहा वर्षांत १२ कोटी. एका ओळीला १०० अक्षरांची जागा धरली तरी सुमारे १२ गिगाबाइट, म्हणजे वहीच्या सहापट. गाळ्यात मावेल एवढाच माल गाळ्यात ठेवावा आणि बाकीचा वखारीत, हा व्यापाराचा जुना नियम येथेही लागू पडतो.

आता कोठाराकडे वळावे. रोजच्या व्यवहाराची वही वेगळी आणि विचार करण्यासाठी साठविलेला इतिहास वेगळा, हा भेद विसाव्या शतकाच्या शेवटच्या दीड दशकात स्पष्ट झाला. बिल इनमन यांच्या १९९२ सालच्या ग्रंथाने ‘डेटा वेअरहाऊस’ ही संज्ञा रूढ केली. वहीत नोंद बदलते, खोडली जाते, नव्याने लिहिली जाते. कोठारात मात्र जुन्या नोंदींवर नव्या नोंदींची रास पडत जाते, आणि तेथे विचारले जाणारे प्रश्नही राशीचे असतात: दहा वर्षांची सरासरी किती, कोणत्या आठवड्यात आवक वाढते, आवक दुप्पट झाली तर भाव किती उतरतो.

अशा प्रश्नांसाठी कोठाराची रचनाही निराळी असते. आडतीतील पट्ट्यांचा गठ्ठा घेतला तर प्रत्येक पट्टीवर नाव, गाव, वजन, दर असे सारे एकत्र असते. केवळ दर हवा असला तरी प्रत्येक पट्टी उलगडावी लागते. कोठारात सर्व तारखा एका रकान्यात, सर्व बाजार दुसऱ्यात आणि सर्व दर तिसऱ्यात, असे रकानेच वेगवेगळे साठविलेले असतात. सरासरी दर काढायचा तर दराचा आणि अटींपुरते लागणारे रकाने वाचले की काम भागते. हमालीच्या रकान्याला हात लावावा लागत नाही. शिवाय ‘कांदा’ हा एकच शब्द लाखो वेळा लागोपाठ आला तर तो एकदाच लिहून पुढे ‘इतक्या वेळा’ असे नोंदविता येते, त्यामुळे जागाही वाचते.

आणि क्लाउड? तो आकाशात नसतो. ती भरभक्कम इमारतींतील, वीज आणि थंड हवा अखंड पुरविलेल्या, भाड्याने मिळणाऱ्या यंत्रांची व्यवस्था आहे. ॲमेझॉनने २०१२ च्या अखेरीस ‘रेडशिफ्ट’ जाहीर केले. गूगलचे ‘बिगक्वेरी’ त्याच सुमारास सर्वांना खुले झाले. आणि २०१२ सालीच स्थापन झालेल्या ‘स्नोफ्लेक’ कंपनीने साठवणुकीचे भाडे आणि आकडेमोडीचे भाडे पूर्णपणे वेगळे करून दाखविले. माल वखारीत पडून आहे त्याचे भाडे वेगळे, आणि तो हलविण्यासाठी हमाल लावले त्यांची मजुरी वेगळी, असा हा व्यवहार आहे. ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत यंत्रगृहांचा समूह उघडला, गूगलने २०१७ साली. म्हणजे यशवंतपूरच्या गाळ्यातून विचारलेला प्रश्न आता समुद्रापार जाण्याची गरज नाही. सुमारे हजार किलोमीटरवरील मुंबईतूनही त्याचे उत्तर येऊ शकते.

बाजारभावांची माहिती जमा करण्याचे काम या देशात फार आधी सुरू झाले. केंद्र सरकारच्या पणन व तपासणी संचालनालयाने मार्च २००० मध्ये ‘ॲगमार्कनेट’ ही योजना हाती घेतली. बाजार समित्यांमधून आवक टनांत आणि दर क्विंटलमागे रुपयांत, किमान, कमाल व सर्वसाधारण अशा तीन आकड्यांनी कळविला जातो. कर्नाटकाने २०१४ साली पुढचे पाऊल टाकले. राज्यातील बाजार एका समान मंचावर आणण्यात आले. मालाच्या ढिगाला प्रवेशद्वाराशीच क्रमांक द्यायचा, बोली संगणकावर नोंदवायची आणि सर्वांत मोठी बोली जाहीर करायची, अशी ती पद्धत होती. १४ एप्रिल २०१६ रोजी ‘ई-नाम’ हा राष्ट्रीय बाजार सुरू झाला. मग एक गमतीची अडचण उभी राहिली: राज्याचा मंच वेगळा, राष्ट्राचा वेगळा, आणि दोघांची परिभाषाही वेगळी. १ मे २०२० रोजी या दोन मंचांवरील व्यापार एकमेकांशी जोडण्याची सोय सुरू करण्यात आली. आडतीच्या वहीची आणि दूरच्या कोठाराची अडचण हीच आहे. केवळ आकार लहान.

समजा, व्यापाऱ्यांच्या एखाद्या संघाने सरकारने खुले केलेले हे दैनिक भाव वर्षानुवर्षे गोळा करून भाड्याच्या कोठारात ठेवले आहेत, आणि दिवाणजींना ते पाहण्याची परवानगी मिळाली आहे. आता गाठ घालायची कशी?

येथे यशवंतपूरचा दुभाष्या आठवावा. ॲक्सेस एक बोली बोलते, स्नोफ्लेक दुसरी, रेडशिफ्ट तिसरी. प्रत्येक साधनाने प्रत्येक कोठाराची बोली शिकायची म्हटले तर दहा साधने आणि दहा कोठारे यांच्यासाठी शंभर जोडण्या लागतील. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ‘ओडीबीसी’ नावाचा एक समान संकेत प्रसिद्ध केला. साधनाने त्या संकेताप्रमाणे बोलावे, आणि प्रत्येक कोठाराच्या मालकाने त्या संकेतातून आपल्या बोलीत उलथा करणारा एक दुभाष्या द्यावा, अशी ती योजना. या दुभाष्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. शंभर जोडण्यांचे काम दहा दुभाष्यांवर आले. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, पण हा संकेत टिकून आहे. १९९२ सालचे ॲक्सेस आणि त्यानंतर वीस वर्षांनी जन्मलेले कोठार एकमेकांशी बोलू शकतात ते त्याच्याच जोरावर.

प्रत्यक्ष काम चार पायऱ्यांचे आहे. पहिली पायरी, कोठाराच्या मालकाकडून योग्य दुभाष्या मिळवून संगणकावर बसविणे. दुसरी, त्याला पत्ता सांगणे: कोठाराचे नाव, खाते, त्यातील विभाग आणि प्रवेशाचे परवाने. ही सारी माहिती एका नावाखाली नोंदवून ठेवतात. त्या नोंदीला डीएसएन म्हणतात. तिसरी, ॲक्सेसमध्ये ‘बाह्य माहिती’च्या विभागातून त्या नावाची निवड करून कोठारातील तक्ते जोडून घेणे. येथे तक्ता वहीत उतरवून घेता येतो किंवा नुसता जोडता येतो. उतरवून घेतला तर ती नक्कल झाली, आणि नक्कल त्याच दिवशी शिळी होऊ लागते. जोडला तर वहीत केवळ खिडकी उघडते. माल कोठारातच राहतो. चौथी पायरी म्हणजे या खिडकीतून प्रश्न विचारणे.

पहिल्याच पायरीवर अनेकांची फसगत होते. ॲक्सेस ३२-बिट आणि ६४-बिट अशा दोन जातींचे असते, आणि दुभाष्याही दोन जातींचा. दोघांची जात एकच असली पाहिजे. अन्यथा संगणक नुसते म्हणतो की रचना जुळत नाही, आणि माणूस पत्ता व परवाने पुन्हा पुन्हा तपासत बसतो. त्यातही विंडोजमध्ये एक चमत्कारिक परंपरा आहे. ६४-बिट यंत्रात ६४-बिट ओडीबीसीचे व्यवस्थापक साधन ‘सिस्टिम-३२’ नावाच्या कप्प्यात असते, आणि ३२-बिटाचे ‘सिसवॉव-६४’ नावाच्या कप्प्यात! जुन्या कार्यक्रमांची वाट मोडू नये म्हणून जुने नाव तसेच ठेवले गेले, त्याचा हा परिणाम. म्हणून कप्प्याच्या नावावर विसंबू नये. प्रथम ॲक्सेसची जात पाहावी आणि मगच दुभाष्या निवडावा.

एवढे झाले की तक्ता वहीत दिसू लागतो. नवखा माणूस येथे समाधानाने हात झटकतो. खरी परीक्षा मात्र येथून पुढे आहे. कारण अडलेली गाडी सर्वांना दिसते. चुकीच्या गावी वेळेवर पोहोचलेली गाडी दिसत नाही.

तक्ता जोडताना ॲक्सेस विचारते, प्रत्येक ओळ ओळखण्याची किल्ली कोणती? किल्ली सांगितली की ते आपल्या जुन्या सवयीने वागते. प्रथम सर्व किल्ल्या मागवून घेते, आणि मग जेवढ्या ओळी पडद्यावर दाखवायच्या तेवढ्या दहा-दहाच्या गटाने किल्ली दाखवून मागते. व्यवहाराच्या वहीसाठी ही पद्धत उत्तम, कारण दुसऱ्या कोणी ओळ बदलली तर ती लगेच कळते. कोठाराला मात्र ती जाचक ठरते. १ लाख २० हजार ओळी दहा-दहाने मागवायच्या म्हणजे १२,००० खेपा. एका खेपेला अर्धा सेकंद धरला तरी १०० मिनिटे. वखारीचे दार उघडून एकेक कांदा मागण्यासारखे हे आहे.

पण उशीर ही त्यातल्या त्यात सौम्य शिक्षा. दुसरी गफलत अधिक गंभीर आहे. समजा, दिवाणजींनी ‘तारीख आणि बाजार’ ही किल्ली सांगितली. एका दिवशी एका बाजाराची एकच ओळ असेल, असा त्यांचा समज. प्रत्यक्षात त्या तारखेला यशवंतपूरच्या दोन ओळी आहेत: एक लाल कांद्याची, दुसरी गुलाबी कांद्याची. किल्ली एकच, ओळी दोन. ॲक्सेस त्या किल्लीने ओळ मागते, दोन ओळी परत येतात, आणि पडद्यावर दोन्ही जागी एकच ओळ दोनदा उमटू शकते. ओळींची संख्या बरोबर, पडदा नीटनेटका, कोणतीही तक्रार नाही. पण गुलाबी कांद्याचा दर नाहीसा झालेला असतो आणि त्याच्या जागी लाल कांद्याचा दर बसलेला असतो. या आकड्यांवरून शेतकऱ्याला सल्ला दिला, तर तो सल्ला चुकीचा आहे हे कोणाच्याही लक्षात येणार नाही.

कोणी म्हणेल, कोठारच अशा दुहेरी किल्ल्या नाकारत नाही काय? नाही. नेहमीच्या व्यवहार-माहितीकोशात किल्ली दुहेरी झाली तर नोंदच घेतली जात नाही. स्नोफ्लेकच्या नेहमीच्या तक्त्यांत, रेडशिफ्टमध्ये आणि बिगक्वेरीतही मुख्य किल्ली जाहीर करता येते, पण तिचे एकमेवत्व सक्तीने पाळले जात नाही. ती एक सूचना असते, पहारा नव्हे. कोट्यवधी ओळींची रास भराभर ओतायची असते, म्हणून प्रत्येक ओळ तपासण्याचा खर्च तेथे टाळलेला असतो. तेव्हा पहाऱ्याची जबाबदारी माल ओतणाऱ्यावर आणि पाहणाऱ्यावर येते. एका किल्लीच्या दोन ओळी आहेत काय, हा प्रश्न जोडणी करण्यापूर्वी कोठारालाच विचारावा. आणि जेथे केवळ वाचायचे आहे, बदलायचे नाही, तेथे किल्ली न सांगितलेलीच बरी. मग ॲक्सेस तक्ता केवळ वाचण्यापुरता घेते आणि किल्ल्यांचा खेळ टळतो.

तिसरी गफलत आकड्यांच्या मापाची. कोठारातील पूर्णांक फार मोठे असू शकतात. ॲक्सेसचा जुना पूर्णांक सुमारे २१४ कोटींपर्यंतच जातो. ढिगाचा क्रमांक त्यापलीकडचा असला तर जुनी ॲक्सेस त्याला अक्षरांचा मजकूर समजते. मजकुराचा क्रम अंकांचा नसतो. तेथे १०० हे ९९ च्या आधी येते. कधी किल्लीच अशी बदलून परत जाते, कोठार म्हणते ‘अशी ओळ नाही’, आणि ॲक्सेस प्रत्येक रकान्यात ‘डिलीटेड’, म्हणजे ‘खोडलेले’, असे लिहून मोकळी होते. दिवाणजींच्या काळजात धस्स होते. वस्तुतः काहीही खोडलेले नसते. दोघांना एकमेकांची किल्ली ओळखता आलेली नसते, इतकेच. २०१६ च्या आवृत्तीपासून ॲक्सेसमध्ये मोठ्या पूर्णांकाची सोय आली आहे, पण ती आपण होऊन चालू करावी लागते.

चौथी गफलत घड्याळाची, आणि रात्री भरणाऱ्या बाजाराला ती विशेष बाधते. १५ नोव्हेंबरच्या पहाटे २ वाजता गाडी यशवंतपूरच्या फाटकातून आत आली. जागतिक वेळेनुसार तेव्हा १४ नोव्हेंबरच्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. बिगक्वेरी वेगळे सांगितले नाही तर जागतिक वेळ धरते. स्नोफ्लेक तर वेगळे सांगितले नाही तर लॉस एंजेलिसचे घड्याळ धरते. तेथे १४ नोव्हेंबरची दुपार चालू असते. म्हणजे त्या पहाटेची सारी आवक आदल्या दिवसाच्या खात्यावर जमा होते, आणि सकाळी साडेपाचनंतर आलेल्या गाड्या कोठे आदल्या दिवशी तर कोठे त्याच दिवशी पडतात. आवक एका दिवसाची आणि भाव दुसऱ्या दिवसाचा, अशी जोडी लागली की आवक वाढल्याने भाव उतरतो हे साधे सत्यदेखील आकड्यांत सापडेनासे होते. उपाय सोपा आहे: बाजाराची तारीख हा भारतीय वेळेनुसार ठरविलेला स्वतंत्र रकाना असावा आणि हिशेब त्यावरच चालावा. तीच गोष्ट मापाची. पेढीच्या वहीत दर ५० किलोच्या गोणीचा असेल आणि कोठारात क्विंटलचा, तर दोहोंची तुलना करण्यापूर्वी एकाला दोनाने गुणले पाहिजे. कोणतेही यंत्र ही आठवण आपण होऊन करून देत नाही.

या सर्व गफलतींचे मूळ एक आहे. वहीला वाटते की कोठार ही आपलीच एक मोठी वही आहे. हा गैरसमज दूर करणारी एक रीत ॲक्सेसमध्ये आहे. तिला ‘पास-थ्रू’ प्रश्न म्हणतात. प्रश्न कोठाराच्याच बोलीत लिहावयाचा. ॲक्सेस त्यात लक्ष घालीत नाही, तो जसाच्या तसा पुढे धाडते. आकडेमोड कोठारात होते आणि केवळ उत्तर परत येते. एरवी दिवाणजींच्या दोनशे शेतकऱ्यांच्या तक्त्याची बारा कोटी ओळींच्या तक्त्याशी थेट सांगड घातली, किंवा अटीमध्ये ॲक्सेसचे एखादे घरगुती सूत्र वापरले, तर पुष्कळदा सारी रासच गाळ्याच्या दिशेने ओढली जाऊ लागते. याउलट ‘गेल्या दहा वर्षांत नोव्हेंबरच्या प्रत्येक आठवड्यात सोलापूर आणि यशवंतपूर येथील लाल कांद्याचा सर्वसाधारण दर व आवक सांग’ असा प्रश्न तिकडेच सोडविला, तर दोन बाजार, दहा वर्षे आणि सुमारे चार आठवडे मिळून ऐंशी ओळी परत येतात. बारा कोटींतून ऐंशी! त्या ऐंशी ओळी वहीत उतरवून घ्याव्यात, त्यांवर तारीख टाकावी, आणि मग आपल्या शेतकऱ्यांच्या तक्त्याशी खुशाल जोडाव्यात. मोठा प्रश्न कोठारात आणि लहान हिशेब वहीत, ही कामाची रास्त वाटणी होय.

खर्चाचाही विचार येथेच होतो. कोठाराचे भाडे महिन्याच्या महिन्याला ठरलेले असतेच असे नाही. बिगक्वेरीच्या नेहमीच्या पद्धतीत किती माहिती वाचली त्यावर आकार पडतो. रकाने निवडून मागितले तर कमी, ‘सारेच द्या’ म्हटले तर अधिक. स्नोफ्लेकमध्ये यंत्र किती वेळ चालले त्यावर आकार पडतो आणि प्रत्येक वेळी ते जागे झाले की किमान ६० सेकंदांचा आकार लागतो. दर पाच मिनिटांनी आपोआप ताजा होणारा एखादा अर्ज पडद्यावर उघडा ठेवून दिवाणजी जेवायला गेले, तर यंत्र दिवसभर पुन्हा पुन्हा जागे होत राहते. भावाची माहिती दिवसातून एकदाच बदलत असेल तर ती दिवसातून एकदाच मागवावी, हे शहाणपण कोणत्याही आडत्याला शिकवावे लागू नये.

उरतो परवान्यांचा प्रश्न. जोडणी करताना ॲक्सेस विचारते, परवलीचा शब्द जपून ठेवू काय? ‘होय’ म्हटले की तो फाइलमध्येच राहतो, आणि ती फाइल ज्याच्या हाती जाईल त्याच्या हाती कोठाराची चावीही जाते. २०२४ साली जगभरातील अनेक संस्थांची स्नोफ्लेकमध्ये ठेवलेली माहिती चोरीस गेली. तपासात असे आढळले की कोठाराची भिंत कोणी फोडली नव्हती. ग्राहकांकडून चोरलेल्या परवलीच्या शब्दांनी चोर दारातूनच आत शिरले होते, आणि त्या खात्यांना दुसऱ्या खुणेचे कुलूप नव्हते. म्हणून दिवाणजींना द्यावयाचा परवाना केवळ वाचण्याचा असावा. तोही लागतील तेवढ्याच तक्त्यांचा. परवाना व्यक्तीच्या नावे असावा, आणि माणूस पेढी सोडून गेला की त्याच दिवशी तो रद्द व्हावा. वाचण्यापुरत्या परवान्याचा आणखी एक लाभ आहे: चुकून एखादी ओळ पुसली जाण्याची भीती उरत नाही.

असे सारे जमल्यावर दिवाणजींच्या पडद्यावर त्या ऐंशी ओळी उभ्या राहतात. त्यांतून काय कळते? एखाद्या आठवड्यात यशवंतपूरचा दर सोलापूरपेक्षा बहुतेक वर्षी वर राहिला असेल. पण त्यातून मोटारभाडे, वाटेतील घट आणि हमाली वजा केली तर हाती काय उरते ते आपल्याच वहीतील जुन्या पट्ट्या सांगतील. कोठाराला देशाचा भाव ठाऊक आहे. अमुक गावाहून येणाऱ्या मालात दर गोणीमागे किती घट येते हे त्याला ठाऊक नाही. ते ज्ञान केवळ वहीत आहे. म्हणूनच ही गाठ घालण्यात अर्थ आहे. कोठार आले म्हणून वही निरुपयोगी झाली नाही. उलट आजवर गाळ्यापुरते असलेले तिचे ज्ञान आता देशाच्या आकड्यांशेजारी ठेवून पडताळता येऊ लागले.

आकडे दहा वर्षांचे असले तरी येणारा पाऊस त्यांत नसतो, आणि निर्यातीवरील निर्बंध कधी येतील हेही नसते. तेव्हा सोलापूरच्या त्या शेतकऱ्याला मिळणारे उत्तर प्रामाणिकपणे असेच असू शकेल: दहा वर्षांपैकी इतक्या वर्षी या आठवड्यात भाव चढला, इतक्या वर्षी उतरला, खर्च वजा जाता एवढा फरक राहिला, निर्णय तुमचा. पूर्वी हेच उत्तर दिवाणजी आपल्या स्मरणावरून आणि अंदाजाने देत असत. आता ते तारीखवार दाखविता येते, शेतकऱ्याला दूरध्वनीवरच वाचून दाखविता येते, आणि दुसऱ्या कोणाला तपासून पाहता येते.

त्या ऐंशी ओळींमधला गुलाबी कांदा गुलाबीच आहे ना, आणि पहाटेची गाडी तिच्याच तारखेला नोंदली गेली आहे ना, एवढे मात्र उत्तर देण्यापूर्वी एकदा पाहून घेतले पाहिजे. दोन-चार जुन्या पट्ट्या काढून, त्यांवरचे दर आणि तारखा पडद्यावरील ओळींशी ताडून पाहिल्या की ते काम होते. त्याला दहा मिनिटे पुरतात; आणि दूरध्वनीच्या पलीकडे जो माणूस थांबला आहे, त्याच्या वर्षभराच्या कष्टांपुढे दहा मिनिटे काही फार नव्हेत.